न बघितलेली घोडी

माणसाला वाट दाखवायची, पण ती आपण दाखवली हे त्याला कळू द्यायचं नाही, या कामाचा कोणी पगार देत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. आमच्या कार्यालयात उलटी पद्धत आहे. तिथे वाट कोणी कोणाला दाखवत नाही, आणि चुकून दाखवलीच तर पोचपावती घेतो.

मी लोणखेड्याच्या एका महाविद्यालयात कार्यालयीन अधीक्षक आहे. लोक मला भाऊसाहेब म्हणतात. स्वभावाने मी तटस्थ. हे मी म्हणत नाही, माझ्या गोपनीय अहवालात तसा शेरा आहे. तो माझ्यापर्यंत कसा आला, हे मात्र गोपनीय आहे.

आमची मुलगी रुपा पुण्याच्या एका कंपनीत व्हिडिओ गेम बनवते. या डिसेंबरात ती लॅपटॉप, एक मोठा स्क्रीन आणि फूटपट्टीएवढी काळी पट्टी घेऊन शहाद्याला घरी आली. पट्टी स्क्रीनच्या खाली चिकटवायची. मग समोर बसलेला माणूस कुठे बघतोय, किती वेळ बघतोय, कुठे बघायचं टाळतोय, सगळं त्या पट्टीला कळतं. आमच्याकडे हे काम आजवर शेजारी करत होते, तेही विनामूल्य.

रुपाच्या गेममध्ये एक पांढरी घोडी हरवलेली असते. खेळणाऱ्याने गावात फिरून ती शोधायची. त्याची नजर भलतीकडे भटकायला लागली की जिकडे बघायला हवं तिकडे स्क्रीनवर बारीकशी चमक होते. डोळा आपोआप तिकडे वळतो, आणि तो पोहोचायच्या आत चमक बंद. नजर तिथे जरा टेकली, की यंत्र समजतं, याला दिसलं.

"म्हणजे घोडी सापडली की त्याला वाटायला पायजे, आपल्यालाच सुचलं," रुपा म्हणाली.

"मग श्रेय कोणाला?"

"त्यालाच."

"आणि तुला?"

"पगार."

स्वयंपाकघरात आमच्या सौभाग्यवती चारुलता एकदम हसल्या. यात हसण्यासारखं काय होतं ते मला समजलं नाही.

आता मुद्द्याचं. कंपनीने रुपाला सांगितलं होतं, ज्यांनी जन्मात गेम खेळलेला नाही अशा माणसांना खेळायला बसव आणि त्यांच्या नजरेची नोंद पाठव. न विचारता, न सांगता त्यांना घोडी सापडली तर गेम पुढे जाईल, नाही तर वर्षाअखेर बंद. इकडे आमच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर एक जागा रिकामी होती आणि प्राचार्य माझ्या शब्दाबाहेर नव्हते. जेवताना आमचा करार झाला. घोडी सापडली तर रुपा पुण्याला. नाही सापडली तर रुपा लोणखेड्याला, घरून रोज स्कूटीवर. मी दोन्ही बाजूंना सारखाच होतो. अधीक्षकाने तसंच असावं.

पहिला प्रयोग माझ्यावरच झाला. मी ताठ बसलो. स्क्रीनवर अक्षरं आली, "डोळे सापडत नाहीत."

"पप्पा, तुम्हना डोया सापडी नही ऱ्हायनात," रुपाने तेच पुन्हा अहिराणीत सांगितलं, म्हणजे अपमान दोन्ही भाषांत झाला. दोष माझ्या दुहेरी काचेच्या चष्म्याचा होता. पट्टीला काचेची मधली रेघ चालत नव्हती. चष्मा काढला तर पट्टीला माझे डोळे लख्ख दिसत, पण मला गेम दिसत नसे. ज्या डोळ्यांनी मी आयुष्यभर इतरांच्या रजेच्या अर्जांतल्या चुका पकडल्या, ते सापडत नाहीत असा शेरा घरातल्याच यंत्राने मारावा, याला काय म्हणावं!

चारुलता बसली तेव्हा गॅसवर दूध होतं. तिचा एक डोळा दुधावर, एक घोडीवर. यंत्र बावचळलं आणि बंद पडलं. दूध मात्र उतू गेलं नाही.

मग रुपा डोळे तपासते ही बातमी गल्लीत पसरली. सकाळी फाटकापाशी शेजारच्या भिकुबाई मोतीबिंदूचे जुने कागद घेऊन हजर, मागे त्यांच्या जावा. "रुपा, माले धाकलं धाकलं दखास नही. सुईमा दोरा जास नही. थेंब टाकी दे, बेटा," असं म्हणून त्यांनी खुर्चीवर बसून मान मागे टाकली आणि डोळे मिटून घेतले. मिटलेल्या डोळ्यांची नोंद कंपनी घेत नाही. रुपाने समजावलं, मी समजावलं. शेवटी चारुलताने गुलाबपाण्यात भिजवलेला कापूस दिला तेव्हा बायका समाधानाने परत गेल्या. त्यांतल्या एकीला दुसऱ्या दिवशी खरोखर बरं दिसायला लागलं, आणि रांग वाढली.

समोरचे दोधूआप्पा ओट्यावर बसून हा प्रकार बघत होते. आप्पांचं वय झालंय, शेती मुलांकडे आहे आणि सल्ला स्वतःकडे ठेवलाय.

"भाऊसाहेब, यंत्र चांगलं शे," ते म्हणाले, "पन हाई गल्ली कामनी नही. आठे आख्खं गाव मोबाइलवर खेळस. मन्हा नातू सोडा, मन्ही सून बी खेळस."

गल्लीत कोरी माणसं मिळणार नाहीत हे खरं होतं. मी विचारात पडलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला एकदम कल्पना सुचली. सारंगखेड्याची यात्रा! दत्तजयंतीची घोड्यांची यात्रा दोन दिवसांवर आली होती. तिथे घोडेवाले येतात, घोडी ओळखतात, आणि गेम कोणी खेळत नाही. कल्पना सर्वस्वी माझी होती. चहाच्या कपाखाली यात्रेचं पत्रक होतं, ते वाचता वाचता सुचली. पत्रक कपाखाली कसं आलं कोण जाणे.

आता परवानगी. सारंगखेड्याला जागावाटपाच्या टेबलावर नवलसिंग नावाचे गृहस्थ होते. मी कार्यालयातला माणूस, टेबलाची अदब जाणतो. अर्ज तीन प्रतींत नेला होता.

"दुकान कशाचं?" नवलसिंगांनी शुद्ध मराठीत विचारलं. टेबलामागे बसलं की आमच्याकडे सगळेच शुद्ध बोलतात.

"डोळ्यांच्या नोंदीचं," मी म्हणालो.

"म्हणजे आरोग्य. वैद्यकीय अधिकाऱ्यांचं पत्र लागेल."

"तसं नाही. स्क्रीनवर एक खेळ आहे."

"म्हणजे मनोरंजन. पोलिसांचा ना-हरकत दाखला आणि आग विझवायची वाळू."

"अहो, खेळ म्हणजे काय, एक घोडी शोधायची असते."

नवलसिंगांचा चेहरा खुलला. "घोडी आहे? मग सरळ सांगा ना. पशू विभाग. जागा शिल्लक आहे. रंग?"

"पांढरा," मी म्हणालो. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी खोटी नोंद कधी केली नाही आणि तेव्हाही केली नाही. घोडी पांढरीच होती.

अशा रीतीने आम्हाला घोड्यांच्या रांगेत जागा मिळाली. एका बाजूला काठेवाडी घोडा, दुसऱ्या बाजूला दोन तट्टं, मध्ये आमचा तंबू, त्यात टेबल, स्क्रीन आणि भाड्याचा जनरेटर. जनरेटर सुरू झाला की काठेवाडी घोडा मागचे पाय उडवायचा, आणि त्याचा मालक माझ्याकडे बघायचा.

पहिल्याच सकाळी गुरांचे डॉक्टर तपासणीला आले. यात्रेतलं प्रत्येक जनावर त्यांना बघावंच लागतं. "घोडी कुठे?" त्यांनी विचारलं. रुपाने स्क्रीनकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी वहीत पाहिलं, स्क्रीनवर पाहिलं, पुन्हा वहीत पाहिलं. अनुक्रमांक रिकामा ठेवणं त्यांच्या हातात नव्हतं. "जरा चालवून दाखवा," ते म्हणाले. रुपाने घोडी चालवली. डॉक्टरांनी लिहिलं, "लंगडत नाही. निरोगी." तसं प्रमाणपत्र रुपाच्या हातात ठेवून ते तट्टांकडे वळले. कार्यालयीन शिस्तीचं असं उदाहरण आता दुर्मिळ झालं आहे.

मग माणसं यायला लागली. पहिले बसले वाहिदभाई. हे शहाद्याचे घोड्यांचे जुने व्यापारी. बोटांत अंगठ्या, आवाज दणदणीत, आणि आपल्याला घोड्यातलं कळतं हे ते घोड्यालासुद्धा ऐकवतात. आयुष्यात त्यांनी गेम खेळला नव्हता.

"बटन कोणतं? हाई? चालू द्या," म्हणत ते बसले.

रुपाच्या लॅपटॉपवर वाहिदभाईंची नजर लाल ठिपक्यासारखी दिसत होती. मी मागे उभा राहून तटस्थपणे पाहत होतो. स्क्रीनवर गाव आलं. पडक्या भिंतीमागे, निंबाखाली घोडी उभी होती, तिचा फक्त कान आणि पाठीचा तुकडा दिसत होता. लाल ठिपका सरळ घोडीवर गेला आणि चटका बसल्यासारखा तिथून निघाला. मग तो विहिरीवर गेला, कडब्याच्या गंजीवर गेला, बैलगाडीच्या चाकावर बराच वेळ रेंगाळला, ढगांकडे गेला. घोडीकडे पुन्हा काही आला नाही.

यंत्राला वाटलं, बिचाऱ्याला दिसली नाही. त्याने भिंतीपाशी चमक केली. ठिपका दुसऱ्या टोकाला गेला. यंत्राने चमक वाढवली. ठिपका जमिनीकडे. असं झालं की मदत वाढवत न्यायची, असं रुपाने यंत्राला शिकवून ठेवलं होतं. घोडीने शेपटी हलवली. घोडी खिंकाळली. शेवटी बिचारी स्वतःच भिंतीमागून निघाली आणि रस्त्याच्या मध्यभागी येऊन उभी राहिली.

वाहिदभाईंनी हाताची घडी घातली, खुर्ची मागे सरकवली आणि उठले. "नही जमनं," एवढंच म्हणून ते निघून गेले.

दुपारपर्यंत जो बसला त्याने हेच केलं. दोंडाईच्याचा झाला, अक्कलकुव्याचा झाला, गुजरातेतून आलेला एक झाला. प्रत्येकाने चाक पाहिलं, गंज पाहिली, ढग पाहिले, घोडी सोडून सगळं पाहिलं. काहींनी तर रस्त्यात उभ्या असलेल्या घोडीला वळसा घालून खेळ सोडला.

रुपा आधी हसली, मग पुन्हापुन्हा घड्याळ बघायला लागली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत नोंदी पुण्याला जायच्या होत्या. तिने चमकेचा रंग बदलून पाहिला, घोडी थोडी मोठी करून पाहिली. फरक नाही. शेवटी ती लॅपटॉपचं झाकण लावून, हनुवटी तळहातावर टेकवून बसली. लहानपणी गणित सुटलं नाही की ती अशीच बसायची.

मला पहिल्याच खेळात कळलं होतं. यात शहाणपण नाही, आमच्या भागात वाढलेल्या कुठल्याही पुरुषाला कळलं असतं. घोडेबाजारात जी घोडी घ्यायची असते तिच्याकडे बघत नाहीत. आल्या आल्या एकदा नजर टाकायची, त्यात सगळं बघून घ्यायचं, आणि मग मालकाशी बोलताना तंबूच्या दोराकडे, शेजारच्या तट्टाकडे, आभाळाकडे बघत राहायचं. पुन्हा बघितलं की भाव चढला. आणि मालक जितकी घोडी पुढे करील, तितका संशय वाढतो. पानाच्या टपरीवर वाहिदभाई मला एकट्याला म्हणालेच, "भाऊसाहेब, घोडी झकास व्हती. पन मालक इतका नाचस, चमकाडस काय, शेवट पायशी आनी उभी करी दिधी. तिन्हामा पक्की खोड शे."

रुपा या यात्रेला लहानपणापासून आलेली, पण पाळण्यांच्या बाजूला. घोड्यांच्या रांगेत मुलींना कोण नेतं!

आता प्रश्न असा होता की हे मी तिला सांगायचं का. मी तटस्थ होतो. तटस्थ माणसाने काही सांगायचं नसतं. मी गप्प राहिलो असतो तर कोणी मला दोष दिला नसता, घोडी सापडली नसती आणि जानेवारीपासून रुपा लोणखेड्याला शिकवायला लागली असती. मला ती घरी हवी होती. हे सरळच लिहितो. ती असली की संध्याकाळी फाटकाची कडी वाजते, कोणीतरी माझ्या वर्तमानपत्रातलं कोडं आधीच सोडवून ठेवतं आणि मला राग येतो. तो राग मला गेली काही वर्षं मिळत नव्हता.

तिच्या हनुवटीखालचा तळहात मला दिसत होता. मी जरा वेळ काठेवाडी घोड्याकडे पाहिलं. त्यानेही माझ्याकडे पाहिलं.

"चल, चहा घेऊ," मी म्हणालो.

"इथंच तर शे चहावाला, पप्पा."

"त्याचा चहा पुचाट आहे. पलीकडे चांगला मिळतो."

पलीकडचा चहा खरं तर जास्त पुचाट होता, पण ती टपरी घोड्यांच्या रांगेच्या ऐन मध्यावर होती. समोरच एका लाल घोडीचा सौदा चालला होता. विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या हातांवर उपरणं, त्याखाली बोटांनी भाव. मी रुपाला काही सांगितलं नाही. फक्त मला ऊन लागतंय असं म्हणून बाकाची बाजू बदलली, म्हणजे तिचं तोंड सौद्याकडे झालं. मग म्हणालो, "त्या घेणाऱ्याचा फेटा बघ काय सुंदर आहे."

तिने फेटा पाहिला. फेट्याखाली डोळे होतेच. घेणारा विकणाऱ्याच्या खांद्यावरून नदीच्या पुलाकडे बघत होता. घोडीने मान हलवली, तो तट्टाकडे बघायला लागला. विकणाऱ्याने घोडी एक पाऊल पुढे आणली, तसा तो उपरण्याखालचा हात सोडून निघालाच. तेवढ्यात दुसरं एक गिऱ्हाईक घोडीच्या पाठीवर हात ठेवायला आलं. पहिला गर्रकन वळला आणि सौदा मिटला.

रुपाच्या हातातला चहा तसाच होता. आम्ही आणखी एक सौदा पाहिला. मला दुसरा चहा प्यावा लागला. तिसऱ्या कपाला माझं पित्त बोलायला लागलं, तेव्हा ती एकदम उठून उभी राहिली.

"पप्पा! माले समजनं! यास्नी पहिलेच दखी लिधी व्हती!" आणि ती तंबूकडे पळत सुटली. तिला वाटलं, तिला एकटीलाच सुचलं. मी पाठीमागून सावकाश गेलो. चहाचे पैसे द्यायला कोणीतरी थांबावंच लागतं.

दुसऱ्या दुपारी वाहिदभाईंना मी पुन्हा बोलावलं. ते यायला तयार नव्हते, खोडीची घोडी पुन्हा काय बघायची! घोडी निरोगी असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र दाखवल्यावर बसले. लाल ठिपका घोडीवर गेला आणि निघाला, विहिरीवर, गंजीवर, चाकावर. या वेळी चमक झालीच नाही. रुपाने यंत्राला नवी समज दिली होती, एकदा बघून मग मुद्दाम टाळलेली जागा म्हणजे न दिसलेली नव्हे, मनात बसलेली. घोडी जागची हलली नाही. उलट तिने पाठ फिरवली. मग स्क्रीनच्या कडेने एक अनोळखी माणूस हातात दोर घेऊन सावकाश भिंतीकडे निघाला.

वाहिदभाई खुर्चीतून उसळले. "ओ भाऊ! थांब! आठे सौदा चालू शे!" टेबलावरचं बटण त्यांनी असं दाबलं की जनरेटर बंद पडतो की काय! गाव ओलांडून, गंजीवरून उडी मारून ते घोडीपाशी पोहोचले आणि त्यांनी तिचा लगाम धरला. तंबूबाहेर टाळ्या पडल्या. काठेवाडी घोड्याने पाय उडवले.

"मन्ही नजर पहिलेच व्हती तिन्हावर," वाहिदभाई सगळ्यांना सांगत होते. "माले कोन दखाडी?"

रुपाने माझ्याकडे पाहिलं. ती पहाटे सडा-रांगोळी झालेल्या अंगणासारखी दिसत होती, आणि मी घाईने जनरेटर तपासायला गेलो.

त्यानंतर बसलेल्यांपैकी बहुतेकांना घोडी सापडली. संध्याकाळी नोंदी पुण्याला गेल्या. तंबू आवरून निघालो तर यात्रेच्या फाटकावर नवलसिंग उभे. आता टेबल नव्हतं, त्यामुळे भाषा घरची होती.

"भाऊसाहेब, घोडी कोठे शे? विकी काय?"

"नाही विकली."

"मंग परतना दाखला लागी. आयेल जनावर दाखल्याबिगर बाहेर जात नही."

मी रुपाच्या खांद्यावरच्या पिशवीकडे बोट दाखवलं. नवलसिंगांनी पिशवीकडे गंभीरपणे पाहिलं आणि शिक्का मारला. खाली मी सही केली, "एक पांढरी घोडी परत नेत आहे." निवृत्तीच्या वेळी माझ्या सह्यांची कोणी तपासणी केली, तर एवढी एकच समजावून सांगावी लागेल.

आठवड्याने पुण्याहून निरोप आला, गेम पुढे जाणार, रुपाने लगेच रुजू व्हावं. प्राचार्यांना मी सांगितलं, त्या जागेसाठी दुसरं कोणी बघा. ते म्हणाले, "वाईट वाटलं असेल." मी म्हणालो, "माझा काही संबंध नव्हता."

तिला सोडायला आम्ही शहाद्याच्या बसस्थानकावर गेलो. रुपा खिडकीत बसली. चारुलता खिडकीपाशी उभी राहून डब्यातलं आधी काय खायचं, नंतर काय खायचं ते सांगत होती. मी जरा लांब, वेळापत्रकाच्या पाटीपुढे उभा राहिलो. तिथे बरंच काही लिहिलेलं होतं. मग मी उसाच्या रसाच्या गाड्याकडे पाहिलं. मग परत पाटीकडे.

"पप्पा!" खिडकीतून हाक आली. "ती धुळ्याच्या गाड्यांची पाटी शे. तुम्हले धुळ्याला जावानं शे का?"

"माहिती असलेली बरी," मी पाटीकडे बघतच म्हणालो.

"आईनी कपखाले पत्रक ठेवी दिधं, तुम्ही मन्हासाठे तीनदा पुचाट चहा पिधा," ती म्हणाली. "तुम्हले काय वाटनं, माले समजनं नही?"

चारुलता हसली. कंडक्टरने घंटी मारली, गाडी हलली.

"आते आम्ही टाळेल जागा बी मोजतस, पप्पा!" रुपा ओरडली.

मी पाटीवरून नजर काढली नाही. पण अक्षरं काही लागत नव्हती. दुहेरी काचेचं असं होतं कधीकधी. चारुलताने माझ्याकडे न बघता तिचा रुमाल माझ्या हातात दिला, आणि चष्मा पुसायचं मला आपोआपच सुचलं.